टिटवाळ्यात भेटलेल्या दोन सरपंच

आमच्या कंपनीत गोळ्या पाकिटात भरायचं नवं मशीन आलं ते थेट स्वित्झर्लंडहून. मशीन बोटीने आलं आणि ते जोडून द्यायला तिथली एक बाई विमानाने आली. मी खरेदी विभागात काम करते, पण डोंबिवली एमआयडीसीत आमच्याकडे कोणी परदेशी पाहुणा आला की त्याच्या हॉटेलपासून पोटदुखीपर्यंत सगळं माझ्याकडे येतं. कारण एवढंच की मला इंग्रजी बोलायची लाज वाटत नाही. चुका भरपूर होतात, लाज वाटत नाही.

बाई पंचावन्नच्या आसपासची. केस कानापर्यंत कापलेले, मनगटं एखाद्या सुताराची असावीत तशी. अवजारांची पेटी तिने स्वतःच्या घरून आणलेली आणि तिला कोणी हात लावलेला चालत नसे. पहिल्या दिवशी आमचे मेंटेनन्सवाले ‘मॅडम, मॅडम’ करत खुर्ची घेऊन आले, तोवर ती मशीनखाली आडवी झालेली होती. काम तीन आठवड्यांचं होतं.

तिला हॉटेल दिलेलं कल्याणला आणि मी राहते टिटवाळ्याला. त्यामुळे तेवढ्या दिवसांपुरती कंपनीची गाडी तिला कल्याणला सोडायची आणि पुढे मला. चौथ्या की पाचव्या दिवशी ती म्हणाली, हॉटेलात जाऊन भिंती बघण्यापेक्षा मी तुझ्या घरापर्यंत येते, परतताना ड्रायव्हर मला सोडेल. शहाड मागे पडलं, उल्हास नदीवरचा पूल आला, तेव्हा तिने काच खाली केली. नदीत जलपर्णी इतकी माजलेली की पाणी शोधावं लागत होतं. मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं, पण नदीबद्दल ती काही बोलली नाही. तिने विचारलं, तू राहतेस त्या गावात माणसं किती आहेत?

हा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारलेला नव्हता. मी तो ड्रायव्हरकडे सरकवला.

“सकाळचा आकडा सांगू का संध्याकाळचा?” तो म्हणाला. “रोज एक बिल्डिंग उभी राहते, मॅडम. कोण मोजणार?”

मी भाषांतर केलं. ती हसली नाही, नुसती मान हलवली, म्हणजे तिने ते खरोखर माहिती म्हणून घेतलं. मग शिष्टाचार म्हणून मीही विचारलं, तुझ्या गावात किती? तिने आकडा सांगितला तो मला वाटलं हजारात आहे. नव्हता. दोनशेच्या किंचित वर माणसं, संपलं गाव. आमच्या सोसायटीच्या ए आणि बी विंगेत सगळी मावतील आणि वर काही फ्लॅट भाड्याने द्यायला उरतील.

“परवापर्यंत एक कमी होतं,” असं म्हणून तिने मोबाइलमध्ये एका लालबुंद बाळाचा फोटो दाखवला. मला वाटलं पुतणी किंवा भाची असेल. तर नात्यातलं कोणी नव्हतं. गावात कोणी जन्मलं, वारलं, राहायला आलं, सोडून गेलं की तिला कळवतात, कारण ती गावच्या कारभारी मंडळाची प्रमुख आहे. पोटापाण्याचा उद्योग म्हणजे मशीनं जोडणं, आणि त्याशिवाय मंगळवारी संध्याकाळी गावचं ऑफिस उघडून बसणं. मला ते महिला मंडळासारखं काहीतरी वाटलं. मी ‘वा वा’ म्हटलं आणि विसरून गेले.

रात्री जेवताना गंमत म्हणून घरी सांगितलं. नवरा म्हणाला, दोनशे माणसांत तर लग्नाचा हॉलसुद्धा रिकामा दिसेल. आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, घास मात्र हातातच राहिला.

“म्हंजे ती सरपंच हाय,” त्या म्हणाल्या.

इथे आईंबद्दल सांगायला हवं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका लहानशा गावात त्या पाच वर्षं सरपंच होत्या. जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा गावकऱ्यांनी सासऱ्यांना विचारलं होतं, वहिनींना उभं करू का? सासरे हो म्हणाले ते या हिशेबाने की खुर्चीवर ही बसेल आणि कारभार आपण बघू. पहिल्या महिन्यात लोक घरी येऊन त्यांच्याशीच बोलायचे. आई चहा घेऊन बाहेर यायच्या, कप ठेवायच्या आणि म्हणायच्या, “ते घरधनी. सरपंच मी. काय काम हाय ते मला सांगा.” असं आठ-दहा वेळा झाल्यावर लोकांनाही कळलं आणि सासऱ्यांनाही. शिक्षण सातवीपर्यंत, पण तालुक्याला मीटिंगला जाताना एकट्या जायच्या, येताना एकट्या यायच्या, आणि कुठला कागद कोणत्या टेबलावर अडकलाय हे त्यांना पाठ असायचं.

सासरे गेले, मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आम्ही त्यांना टिटवाळ्याला आणलं. सहावा मजला, लिफ्ट, चोवीस तास पाणी. आम्हाला वाटायचं त्या मजेत आहेत. सकाळी गॅलरीत बसायच्या, दुपारी झोपायच्या, संध्याकाळी पुन्हा गॅलरीत. तक्रार म्हणून कधी नाही. एकदाच मला म्हणाल्या होत्या की इथे सकाळी उठून मला कोणी काय विचारायला येत नाही. मी म्हटलं, बरं आहे की, आराम करा. आज आठवलं की माझं मलाच कसंतरी होतं.

तर त्या रात्री त्यांनी घास खाली ठेवला आणि मला फर्मान काढलं की तिला रविवारी जेवायला आण.

रविवारी पाहुणी अकरा वाजताच हजर. आईंनी घावणे केलेले, काळ्या वाटाण्याची आमटी, खोबऱ्याची चटणी, सोलकढी. सोलकढीचा रंग बघून तिला ते स्ट्रॉबेरीचं दूध वाटलं. तिने मोठा घोट घेतला आणि लसूण लागल्यावर तिच्या तोंडावर जे उमटलं ते बघून माझा नवरा आत निघून गेला. पण तिने पेला संपवला आणि दुसरा मागितला. आईंना ते आवडलं. पानात टाकलं नाही, एवढ्यावर आई माणसाला निम्मे मार्क देतात.

जेवण होईपर्यंत बोलणं म्हणजे ‘छान आहे’ आणि ‘थँक्यू’. हात धुतल्यावर आईंनी पदर सारखा केला, तिच्या समोर बसल्या आणि मला म्हणाल्या, “विचार तिला, ग्रामसभा भरते का?”

मी विचारलं. भरते म्हणाली. वर्षातून दोनदा, शाळेच्या हॉलमध्ये. मतदार असलेलं कोणीही येतं आणि हात वर करून मत देतं.

आईंनी विचारलं, सगळे येतात का? पाहुणी म्हणाली की गाईंचा रस्ता, पाणी किंवा कोणाचं कुंपण असा विषय असला तर हॉल भरतो, एरवी पंचवीस-तीस. आई माझ्याकडे वळून म्हणाल्या की सारखंच आहे. मग विचारलं, आणि आल्यावर भांडतात का? भांडतात. आणि नंतर? नंतर सगळे मिळून वाइन पितात. आईंनी हे क्षणभर मनात घोळवलं. आमच्याकडे दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी करतात, म्हणाल्या, भांडण ग्रामपंचायतीत आणि पिणं आंबाबागेत.

इथून पुढे मला उसंत मिळाली नाही. दोघींच्या मध्ये बसून मी नुसती पाणी वाहून नेल्यासारखी वाक्यं वाहत होते. इकडून घ्यायची, तिकडे ओतायची. आईंना तिचं गाव नीट समजेना तेव्हा पाहुणीने माझ्याकडून कागद मागून घेतला आणि नकाशा काढला. गाव म्हणजे एक लांबुळकी पट्टी. खाली दरीत नदी. नदीकाठी थोडी सपाट कुरणं, त्यांच्यावर घरं, तीही तीन पुंजक्यांत. घरांच्या वर जंगल. जंगलाच्या वर उन्हाळ्यात गाई न्यायची चराई, आणि सगळ्यात वर नुसता खडक, जिथे काहीच उगवत नाही. तिच्या म्हणण्याप्रमाणे गावाच्या नावावर जमीन भरपूर, पण निम्मी कामाची नाही. एक तर उभी आहे, नाहीतर दगड आहे.

आईंनी तोच कागद ओढून घेतला आणि तिच्या पट्टीशेजारी आपली पट्टी काढली. खाली खाडी. खाडीकाठी भाताचे मळे. मळ्यांवर घरं, खालची वाडी, मधली वाडी, वरची वाडी. त्यांच्या वर आंबा-काजू आणि रान. आणि सगळ्यात वर सडा, नुसता काळा कातळ, ज्यावर पावसाळ्यात चार महिने गवत येतं आणि गुरं जातात. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी पडली तेव्हा आम्ही तिघी कागदावर वाकलो. एकीचं गाव समुद्राच्या पातळीवर, दुसरीचं ढगात, आणि कागदावर जुळ्या बहिणी.

पाहुणीच्या नकाशात घरांच्या लगेच वरचं जंगल तिने जास्त गडद केलेलं. आईंनी त्याच्यावर बोट ठेवलं. ती म्हणाली, तिथलं झाड तोडायचं नाही, वाळलेलंसुद्धा विचारल्याशिवाय उचलायचं नाही, असा शेकडो वर्षांचा नियम आहे. ते जंगल गेलं तर वरचं बर्फ घसरून थेट घरांवर येईल.

“आमच्यात पण हाय,” आई म्हणाल्या. “देवराई.”

देवराईचं इंग्रजी करताना मला घाम फुटला. पाहुणीने विचारलं, तुमच्याकडे झाड तोडलं तर काय येतं? आई शांतपणे म्हणाल्या की देव येतो. मी तसंच्या तसं सांगितलं. पाहुणी म्हणाली, देव बरा, बर्फाला समजावता येत नाही. यावर आई इतक्या हसल्या की मला त्यांच्या गुडघ्याची काळजी वाटली. टिटवाळ्याला आल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलेलं नव्हतं.

मग शाळेचा विषय निघाला. पाहुणीनेच काढला, आणि तो काढताना तिचा आवाज बदलला. गावात एकच शाळा, एकच वर्ग, एकच शिक्षिका, मुलं सात. पुढच्या वर्षी त्यातली दोन मोठ्या शाळेत जाणार. वरचं ऑफिस म्हणतं की एवढ्या मुलांसाठी शाळा चालवता येणार नाही, उरलेली खालच्या गावात पाठवा. शाळा गेली की मुलंबाळं असलेली घरं जातात, मग दुकान जातं, मग दर तासाला येणारी बस दिवसातून तीनदा येते. तिने शेजारची दोन गावं अशी रिकामी होताना बघितलेली. म्हणून तिने पुढाकार घेऊन गावातली जुनी डेअरीची इमारत दुरुस्त करवून घेतली. तीन बिऱ्हाडांची सोय केली, भाडं कमी ठेवलं. डोंगरावर हॉटेलं आहेत, तिथे परदेशातून आलेली कुटुंबं राबतात आणि खाली दरीतल्या गावात एकेका खोलीत दाटीने राहतात. तिला वाटलेलं ती उड्या मारत येतील. एक वर्ष झालं, कोणी आलं नाही.

आईंनी विचारलं, तू त्यांना सांगितलंस का?

पत्र पाठवलं, ती म्हणाली. दोनदा. त्यांच्या भाषेत भाषांतर करून.

आईंनी माझ्याकडे बघितलं. “पत्र? चालत जायला रस्ता नाय?”

हे मी थोडं मऊ करून सांगितलं, पण पाहुणीला बहुधा आईंच्या चेहऱ्यावरूनच कळलं. ती ओशाळली. आणि मग आईंनी एक गोष्ट सांगितली, जी मी लग्नाच्या सतरा वर्षांत ऐकलेली नव्हती.

त्या सरपंच असताना गावच्या शाळेचा पट आठवर आलेला. पट म्हणजे हजेरीवरची मुलं. शाळा बंद करून मुलं पलीकडच्या गावात पाठवायची भाषा सुरू झाली. पलीकडचं गाव म्हणजे मधे पऱ्ह्या, म्हणजे ओढा, पावसाळ्यात तो ओलांडता येत नाही. त्याच वेळी वरच्या वाडीच्या मागे एका आंबाबागेत राखणीला एक नेपाळी कुटुंब राहायचं. त्यांची पाच मुलं दिवसभर बागेत माकडं हाकलत हिंडायची, शाळेत कोणी जात नव्हतं. आईंना वाटलं, प्रश्न सुटला. त्या वर गेल्या, तिथल्या बाईला म्हणाल्या की पोरांना उद्यापासून शाळेत धाड. ती बाई दारातूनच नाही म्हणाली. मराठी तिला चांगलं येत होतं.

“मी लई रागावले,” आई म्हणाल्या. “फुकट शिक्षण, फुकट जेवण, आनी ही नाय म्हनते. आठ दिवस मी रागातच व्हते. मग एकदा विहिरीवर बघितलं. ती पानी भरायला आली की आमच्या बायका घागरी बाजूला घ्यायच्या, आनी तिचं भरून झाल्याबिगर विहिरीजवळ जायच्या नायत. मी पन त्यातलीच. दोन वर्षं बघत व्हते, मला कदी दिसलं नाय.”

त्यानंतर आई पुन्हा वर गेल्या. शाळेचं नाव काढलं नाही. उंबऱ्यावर बसल्या, तिने दिलेला काळा चहा प्यायल्या, खाली आल्या. असं तीन-चारदा झालं. विहिरीवर तिच्या घागरीला घागर लावून स्वतः पाणी भरलं. त्यावरून जावांशी वाजलं, सासरे दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. महिन्याभराने ती बाई स्वतःच पाच मुलांना तेल लावून, भांग पाडून शाळेत घेऊन आली.

“पोरं मागायला गेले तेव्हा ती नाय म्हनाली,” आई म्हणाल्या. “काय मागायला गेले नाय, तेव्हा आली. हे सांग तिला नीट.”

मी नीट सांगितलं. दोनदा सांगितलं. पाहुणी त्या कागदावरच्या दोन गावांकडे बघत होती. मग तिने विचारलं, शाळा किती वर्षं चालली? आईंनी बोटं मोजल्यासारखं केलं आणि सांगितलं, चार वर्षं तर नुसत्या त्या पोरांवर चालली. पाहुणीने तो कागद घडी करून आपल्या पिशवीत ठेवला. आईंची परवानगी तिने घेतली, माझी नाही.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. या वेळी मला अर्धवट सुट्टी मिळाली, कारण दोघींना फिरायला जायचं होतं आणि आईंच्या गुडघ्यामुळे फिरणं सोसायटीच्या आवारापुरतंच होतं. दोन विंगांच्या मधल्या रस्त्यावरून आम्ही हळूहळू चाललो होतो. पाहुणी वर बघून खिडक्या मोजत होती. म्हणाली, ही माझ्या गावापेक्षा मोठी वस्ती आहे, इथलं प्रमुख कोण? मी म्हटलं, सोसायटीचे चेअरमन आहेत, ते ठाण्याला कामाला जातात, भेटत नाहीत. मग तिने सरळ आईंनाच विचारलं, यातली किती माणसं तुम्ही ओळखता?

आईंनी सुरुवात केली. वॉचमन. कचरा नेणारी. समोरच्या फ्लॅटमधली मास्तरीण. आणि तिचा नवरा. तिथे थांबल्या. मला वाटलं पुढचं आठवतायत. आठवण्यासारखं पुढे काही नव्हतं. पाहुणीच्या मनात काही नव्हतं, ती सहज बोलून गेलेली, पण त्या संध्याकाळी आई गॅलरीत बसल्या नाहीत. आत पलंगावर बसून राहिल्या. मी विचारलं, गुडघा दुखतोय का? नाही म्हणाल्या.

मशीन सुरू झालं, पाहुणी गेली. जाताना तिने आईंना गळ्यातली एक बारीक घंटा दिली, त्यांच्याकडे वासरांना बांधतात तशी. आईंनी तिला कोकमं दिली, दीड किलो. विमानात वजनाचं काय झालं देव जाणे.

त्यानंतरच्या आठवड्यात मी ऑफिसातून आले तर घराला कुलूप. फोन केला तर आईंचा मोबाइल घरातच वाजतोय. वॉचमन म्हणाला, आजी बी विंगेत गेल्यात. तिसऱ्या मजल्यावर एका बिहारी बाईंच्या घरात आई मांडी न घालता येणारा पाय लांब करून बसलेल्या आणि चहा पीत होत्या. मला बघून म्हणाल्या, “ये गो, बस. काय काम नाय. अशीच आले.”

महिनाभरात त्यांनी दोन्ही विंगा पालथ्या घातल्या. कधी एक मजला, कधी अर्धा. रात्री जेवताना आम्हाला बातम्या मिळायला लागल्या. बी विंगेत पाचव्या मजल्यावर एक म्हातारे एकटेच राहतात, मुलगा पुण्याला, त्यांना लिफ्टची भीती वाटते म्हणून आठवड्यातून एकदाच खाली उतरतात. बिहारी बाई एमए झालेली आहे, गणिताची, आणि घरात बसून आहे. चौथ्या मजल्यावरचे दोन शेजारी पार्किंगवरून बोलत नाहीत, पण दोघांच्याही बायका आईंकडे वेगवेगळ्या येऊन तेच सांगतात. नवऱ्याला आधी वाटलं आई लोकांना त्रास देतायत. मग आमच्याच दाराची बेल वाजायला लागली. सकाळी साडेआठला, ऐन डब्यांच्या घाईत, कोणीतरी दारात उभं असायचं. आजी आहेत का?

गणिताच्या बाईंकडे आता सोसायटीतली नऊ मुलं शिकायला जातात. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांना आई रोज खाली आणायचा प्रयत्न करतात. ते येत नाहीत. आई म्हणतात नको येऊ देत, मी जाते.

पाहुणीचा मेसेज आला तो जवळजवळ सात महिन्यांनी. फोटो होता. जुन्या डेअरीच्या इमारतीपुढे ती, तिच्या शेजारी दोन बायका आणि चार मुलं. खाली लिहिलेलं, ‘तुझ्या आईंना सांग, मी चालत गेले.’ तिने सांगितलं ते असं की पहिल्यांदा गेली तेव्हा त्या बायकांना वाटलं ती काहीतरी तपासायला आली आहे. दुसऱ्यांदा तिने नळ दुरुस्त करून दिला, आपली पेटी घेऊनच गेलेली. मग कळलं की त्यांना डेअरीची जागा पसंत होती, पण आधी त्या गावात दोनदा दुकानात गेलेल्या तेव्हा कोणी नमस्कारसुद्धा घेतला नव्हता. दोन कुटुंबं आली. तिसरं नाही म्हणालं. शाळेला पुढचं वर्ष मिळालं.

आईंनी फोटो मोठा करून करून बघितला. मुलं मोजली. तिसरी बाई येईल, घाई नको, एवढंच म्हणाल्या. मी जोरात होते. म्हटलं, आई, बघा, तुमच्या गावच्या शाळेने कुठे जाऊन दुसरी शाळा वाचवली. आपल्या शाळेचा पण फोटो पाठवूया का तिला? मे महिन्यात गेलो की काढू.

“शाळा बंद झाली,” आई म्हणाल्या. “दोन वर्षं झाली. बागवाल्यानं राखण सोडली, ती मानसं दुसरीकडं गेली. पट तीनवर आला.”

मी त्यांना विचारलं, मग तिला का नाही सांगितलं?

“तिनं विचारलं किती वर्षं चालली. मी सांगितलं चार. खोटं काय बोलले?” मोबाइल मला परत देत त्या म्हणाल्या, “ती पाच पोरं शिकली ना. मोठी पोरगी आता दापोलीला नर्सचं शिकते. दिवाळीला फोन करते.”

मी उठून चहा टाकला.

यंदा पाहुणीची मुदत संपली आणि ती पुन्हा उभी राहिली नाही. तिच्या जागी एक तरुण शेतकरी आला. हे तिने व्हिडिओ कॉलवर सांगितलं. असा कॉल आता महिन्यातून एकदा असतो आणि मला मध्ये बसावंच लागतं. ती स्वयंपाकघरात होती, मागे खिडकीत बर्फ. हसून सांगत होती की आता मंगळवार मोकळा, सगळे वार मोकळे. मी भाषांतर करून अभिनंदन करायच्या बेतात होते, तेवढ्यात आईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

“तिला विचार,” त्या म्हणाल्या, “आता सकाळी उठून काय करतेस?”

मी विचारलं. तिचं हसू जरा ओसरलं. म्हणाली, पहिले पंधरा दिवस फोन वाजला की मी उडी मारून उचलायचे. तो नेहमी दुसऱ्याच कामाचा असायचा. आता लाकडं फोडते. हिवाळ्याला पुरून उरतील इतकी फोडून ठेवली आहेत.

आईंनी मान डोलावली. मग त्यांनी मला सांगितलं, आणि मी जसंच्या तसं सांगितलं, की लाकडं पुरे झाली, आता उठायचं आणि वरच्या वाडीत त्या तिसऱ्या बाईकडे जायचं. मी म्हटलं, आई, ती बाई गावात राहायला आलीच नाही, खाली दरीत राहते. त्या म्हणाल्या, मग उतरायला सोपं.